पाणी उतरलं की पक्षी उतरतात

उजनीत पाणी किती, ही चौकशी सोलापूर जिल्ह्यात बाराही महिने चालू असते. वर्तमानपत्रात टक्केवारी येते, व्हॉट्सॲपवर रोजचा साठा फिरतो, आणि ऊस लावायचा की ज्वारीवर भागवायचं ते त्या आकड्यावर ठरतं. उजनीच्या काठी भिगवणला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी मात्र फार थोडे तो आकडा बघून घराबाहेर पडतात. ‘डिसेंबर ते मार्च’ एवढंच डोक्यात असतं. मग एखाद्या वर्षी जानेवारीतही रोहित (फ्लेमिंगो) दिसले नाहीत की हवामानबदल, प्रदूषण, पर्यटकांची गर्दी अशी कारणं शोधली जातात. ती खोटी नाहीत. पण पहिलं कारण बहुधा साधं असतं: धरण अजून भरलेलं आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं जवळजवळ नाहीतच. लोणारसारखा अपवाद सोडला तर इथले पाणपक्षी ज्या पाण्यावर जगतात ते बहुतेक सगळं माणसाने अडवलेलं आहे. उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर आणि गावोगावचे पाझर तलाव. त्यामुळे इथल्या पक्ष्यांचं वर्ष पाऊस आणि थंडी ठरवतात, तसंच पाटबंधारे खातंही ठरवतं.

फुगवट्याच्या टोकाला

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत माढा तालुक्यात आहे, पण फुगवट्याचं पाणी मागे इंदापूर, करमाळा, दौंडच्या हद्दीत पसरतं. कागदोपत्री या जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडापर्यंत न पोचणारा. म्हणून उजनीची टक्केवारी शून्याच्या खाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० च्या घरात गेली होती. परक्या माणसाला उणे साठा हा काय प्रकार आहे ते कळत नाही. इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

भिंतीजवळ जलाशय खोल आहे आणि तिथे पक्षी तुरळक. गर्दी असते ती वरच्या टोकाला, भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या शिवारात. तिथे तळ जवळजवळ सपाट आहे. पाणी फूटभर उतरलं की काठ कितीतरी पुढे सरकतो आणि मागे ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या गाळात अळ्या, किडे, गोगलगायी, शेवाळ, पाणवनस्पतींचं बी असं सगळं असतं. उतरतं पाणी रोज नवा पट्टा उघडतं, म्हणजे रोज ताजं ताट. भरलेल्या धरणात हेच अन्न आठ-दहा फूट पाण्याखाली असतं, आणि लांब चोचीच्या पक्ष्यालाही ते नसल्यासारखंच.

पावसाळा: कोणी येत नाही तेव्हा

उजनीच्या डोक्यावर पाऊस कमीच पडतो. धरण भरतं ते मावळातल्या पावसाने. खडकवासला आणि भोवतालची धरणं भरून सोडू लागली की मुळा-मुठेचं पाणी भीमेत येतं, आणि ‘दौंडचा विसर्ग’ हा परवलीचा शब्द होतो. काठ बघता बघता बाभळींच्या बुंध्याला लागतो. उन्हाळाभर चरत असलेले पक्षी पांगतात.

पक्षीनिरीक्षकही पांगतात, आणि मला वाटतं इथेच आपलं लक्ष चुकतं. कारण स्थानिक पक्ष्यांपैकी कितीतरींचा संसार याच दिवसांत मांडलेला असतो. टिबुकली पाणवनस्पतींचा तरंगता ढीग रचून त्यावर अंडी घालते आणि उठून जाताना ती ओल्या पानांनी झाकून ठेवते. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक यांची घरटी गावतळ्यांत आणि पाझर तलावांत असतात. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यात आपली अंडी टाकतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. मोठ्या जलाशयाकडे बघत बसलेल्यांना यातलं काहीच दिसत नाही. आणि या छोट्या तळ्यांची कोणी गणतीही करत नाही. तळं बुजवून सभागृह किंवा बाजारओटे बांधताना तिथे कोणाची घरटी होती हे विचारायचं आपल्याकडे कोणाला सुचत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर: उत्तरेकडून

पहिला येतो धोबी. सप्टेंबरातच ओल्या बांधावर शेपटी वरखाली करत फिरताना दिसतो. त्याच सुमाराला तुतारी, टिलवे, चिखले अशी किनाऱ्यावर पळणारी मंडळी यायला लागतात. टिलवा चिमणीएवढा, वजनाने तीसेक ग्रॅम, आणि त्याची वीण होते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. तिथून इथवर येऊन पाहावं तर धरण काठोकाठ! मग तो एखाद्या पाझर तलावाच्या कडेला, भातखाचरात, अगदी सांडपाण्याच्या डबक्यावरही दिवस काढतो.

नोव्हेंबरात बदकं येतात. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पाण्यावर पसरतात. पोहणाऱ्यांना भरलेलं धरण चालतं, म्हणून हिवाळ्याचा पहिला भाग त्यांचा. पट्टकादंबही याच सुमारास येतात. डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंसाच्या जातीचा पक्षी मंगोलिया-तिबेटकडे वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या यंत्रणेने मागोवा घेतलेल्या पट्टकादंबांची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. दिवसा ते पाण्याकाठी झोपा काढतात, संध्याकाळी हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या रानात उतरतात. काहींच्या मानेत मंगोलियात अडकवलेली क्रमांकाची पट्टी असते. दुर्बिणीतून तो क्रमांक वाचून कळवला की हा नेमका कुठून निघालेला पक्षी ते समजतं.

डॉ. सालिम अली यांचा वाढदिवस १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. कल्पना उत्तम. फक्त पावसाने साथ दिलेल्या वर्षी त्या आठवड्यात उजनी तुडुंब असते, आणि सहलीला आणलेली मुलं लांबवर पसरलेलं निळं पाणी बघून परत जातात. त्यांना एखाद्या गावतळ्यावर नेलं तर जास्त पक्षी दिसतील.

रोहित आणि गुडघाभर पाणी

रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा, भिगवणची ओळख त्याच्यावर उभी आहे. इथे प्रामुख्याने मोठा रोहित येतो. चार-पाच फूट उंच, आणि त्यातले निम्मे पाय. त्याची चरायची रीत एकदा नीट बघावी. मान खाली सोडून तो डोकं उलटं करतो, इतकं की चोचीचा वरचा भाग तळाकडे येतो. चोच मधेच मोडल्यासारखी वाकडी का, ते तेव्हा उमगतं: उलटी धरल्यावर ती गाळाला समांतर बसते. मग जाड जीभ पंपासारखी मागेपुढे होते; पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून बाहेर फेकलं जातं. चाळणीत राहावं तसं अन्न आत राहतं. कधी तो एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, गाळ ढवळतो आणि ढवळलेलं गाळून घेतो. पाणी आटल्यावर त्या जागी चिखलात कडी उमटलेली दिसतात. गुलाबी रंग येतो तोही याच आहारातल्या रंगद्रव्यांतून. पिल्लं राखाडी असतात, आणि रंग भरायला त्यांना काही वर्षं लागतात. राखाडी रोहितांचा थवा बघून हिरमुसण्याचं काही कारण नाही.

या रीतीला पाणी पायाच्या उंचीत बसणारं हवं. रोहित पोहू शकतो, पण गाळ ढवळायला पाय टेकायला हवेत. म्हणून पावसाळा लांबलेल्या वर्षी रोहित उशिरा येतात, कमी पावसाच्या वर्षी लवकर. गंमत अशी की शेतकऱ्याला जे वर्ष जड जातं ते रोहितांना बऱ्याचदा सोपं जातं. भर दुष्काळात पळसदेवचं पाण्याखालचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि त्याच दिवसांत आसपास हे पक्षी चरताना दिसतात. फार आटलं की मात्र तेही निघतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते, आणि तिथे कधी जायचं ते तिथल्या पाण्यावर ठरतं.

जोंधळ्यातल्या भोरड्या

पाण्यापासून थोडं बाजूला, रब्बीच्या रानात, हिवाळ्याचा आणखी एक पाहुणा असतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या मध्य आशियातून ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. संध्याकाळी बाभळवनावर किंवा उसाच्या फडावर मुक्कामाला येताना हजारोंचा थवा आभाळात वळणं घेतो, ते चित्र आता समाजमाध्यमांमुळे सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

शेतकऱ्याला मात्र त्या ठाऊक आहेत त्या कणसावर बसलेल्या. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर माणूस उभा करावा लागतो. गोफण, डबा, पत्रा, हल्ली चमकणाऱ्या पट्ट्या. तेवढ्या वेळात थवा शेजारच्या रानात जातो आणि तिथला माणूस ओरडायला लागतो. भोरड्यांनी किती खाल्लं याचा हिशोब प्रत्येक शेतकऱ्याकडे असतो. नाकतोडे-अळ्या किती खाल्ल्या याचा नसतो, कारण तो दिसत नाही. वीण करताना या पक्ष्यांचं मुख्य खाद्य टोळ आणि नाकतोडेच असतात. तरीही एखाद्या दीड एकरवाल्याचं निम्मं पीक गेलं तर त्याला पर्यावरणाचं व्याख्यान देऊ नये. ज्वारीचं क्षेत्र आक्रसत चाललं आहे आणि ऊस वाढतो आहे. उरलेल्या तुकड्यांवर सगळा थवा उतरतो, त्यामुळे राखणीचा भार थोड्यांवर येतो.

उन्हाळा: घरट्यांचा काळ

मार्चनंतर पाहुणे परतू लागतात आणि बघ्यांचा मोसम संपतो. इथल्या पक्ष्यांची कसोटी त्यानंतर सुरू होते.

पाणी उतरताना उंचवटे उघडे पडून छोटी बेटं तयार होतात. नदी सुरय, पाणभिंगऱ्या, टिटव्या अशा बेटांवर उघड्यावर अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कडेला खडे आणि शेळीच्या लेंड्या. आत चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. रंग मातीशी इतका मिळता की दोन पावलांवरून दिसत नाहीत. भर उन्हात आई पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, असा आपल्याकडे समज आहे. हवामान खात्याशी त्याची तुलना मी करणार नाही.

या घरट्यांना धोका पाण्याच्या वेगाचा. पाणी झपाट्याने उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि एका रात्रीत कुत्री तिथे पोचतात. दिवसा गुरं-शेळ्या येतात. धरणाच्या खाली उलटा प्रकार. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडलं जात आलं आहे. उन्हाळ्यात ते सुटलं की वाळूच्या पट्ट्यांवरची अंडी वाहून जाऊ शकतात. नदी सुरय आज जागतिक यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे, आणि एकेकाळी तो नदीकाठचा नेहमीचा पक्षी होता.

चित्रबलाक या बाबतीत शहाणे. ते उंच झाडांवर वसाहत करतात. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळी आणि इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातली चिंचेची झाडं ही त्यांची प्रसिद्ध सारंगागारं. खाली सातबाऱ्याची रांग आणि वर पिल्लांचा कलकलाट, मासळीचा वास, पांढऱ्या शिंतोड्यांनी रंगलेल्या गाड्या. दुपारी पिल्लांवर ऊन आलं की नर किंवा मादी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरते आणि तशीच उभी राहते. वळवाच्या वादळात मात्र घरटी हलतात आणि पिल्लं खाली पडतात. कचेरीत येणाऱ्यांनी घाणीची तक्रार करून फांद्या छाटायला लावल्या नाहीत, हे त्या गावाचं मोठेपण.

नांदूर मधमेश्वर: गाळाची देणगी

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला, कालव्यांत पाणी वळवण्यासाठी. पुढे गाळ साचत गेला. अभियंत्याच्या दृष्टीने ते नुकसान. साठवण कमी झाली. पण त्याच गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणकणीस उगवलं, उथळ डोह तयार झाले आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळी सकाळी भोवत्या पाणकणसावरून संथपणे घिरट्या घालतो आणि खालची बदकं एकदम उठतात, ते बघण्यासारखं असतं.

इथेही किल्ली पाटबंधाऱ्याच्या हातात. वर गंगापूर, दारणा ही धरणं, खाली जायकवाडी. समन्यायी वाटपात नाशिकचं पाणी मराठवाड्याला सोडायचं ठरलं की ते याच बंधाऱ्यातून पुढे जातं. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद वारंवार गाजतो. त्यात तिसरा कोणी वाटेकरी आहे असं कोणी म्हणत नाही.

व्याख्येत न बसणारं पाणी

पाणथळ जागांसाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. त्यात पाणथळीच्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या: नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यपालन, मिठागर, मनोरंजन किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली रचना. वाचताना हात थबकतो. आपल्या पठारावर मग उरलं काय?

नांदूर मधमेश्वर आणि जायकवाडी अभयारण्यं असल्यामुळे त्यांना वेगळं संरक्षण आहे. उजनीला ते नाही. वन्यजीव कायदा पक्ष्याला मारू देत नाही, पण तो ज्या चिखलावर चरतो त्या चिखलाबद्दल काही बोलत नाही. मुंबईकडे बघितलं तर ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. तिथे चिखल उघडा पाडायचं काम भरती-ओहोटी रोज आपोआप करते. तरी भरतीच्या वेळी पक्षी विसावतात ती खाडीबाहेरची तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत, आणि वाद त्यांच्यावरून होतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाला धडकून ३९ रोहित मेले, तेव्हा हे पक्षी रात्री कुठून कुठे जातात आणि का, हा प्रश्न बातम्यांत आला.

गाळपेर, जलपर्णी, होड्या

उजनीच्या काठावर पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेतलं जातं. याला गाळपेर म्हणतात. जमीन धरणात गेलेल्यांना त्याचा मोठा आधार असतो, आणि तो काढून घ्या असं कोणी म्हणू नये. पण मोटारी, पाइप आणि नांगर पाण्याच्या अगदी कडेला आले की ओला पट्टा चरण्यासाठी उरत नाही. रोहितांच्या नेहमीच्या दोन-चार जागी काठालगतची अरुंद पट्टी मार्चपर्यंत मोकळी ठेवली आणि तेवढ्याचा मोबदला संबंधितांना दिला, तर हे भांडण मिटण्यासारखं आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नदीवाटे याच जलाशयात येतं. त्यावर जलपर्णी पोसते आणि उथळ पाणी झाकून टाकते. माशांतही स्थित्यंतर झालं: बाहेरून आलेल्या चिलापीने जाळी भरतात, देशी जाती मागे पडल्या. कैकर आणि पाणकावळ्यांना चिलापी चालते. ज्यांचं पोट किड्यामुंग्यांवर आणि गोगलगायींवर आहे त्यांचं सांडपाण्याने काय होतं, हे डोळ्यांना दिसत नाही.

होड्यांचं मात्र दिसतं. कुंभारगावच्या मच्छीमारांनी पक्षीदर्शनाला स्वतःचा व्यवसाय केला, ही अलीकडच्या काळातली चांगली घटना. ज्याची रोजी पक्ष्यांवर तो जाळं लावणाऱ्याला आधी हटकतो. अडचण गिऱ्हाइकाची. बसलेल्या थव्याचा फोटो सगळ्यांकडे असतो, उडतानाचा हवा असतो. मग नाव आणखी पुढे घ्यायला लावतात, टाळ्या वाजवतात. एकदा उठलेला थवा परत बसून चरायला लागेपर्यंत वेळ जातो, आणि सकाळभरात अशा दहा होड्या आल्या तर त्या दिवसाचं चरणं झालंच नाही असं समजा. इंजिन लांबच बंद करून वल्ह्याने जाणारा नावाडी निवडावा आणि त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

समितीच्या टेबलावर

कालव्याला पाणी कधी सोडायचं, किती दिवसांचं आवर्तन द्यायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पालकमंत्री, आमदार, अधिकारी, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. तिथे वनखात्याचा एक माणूस बसवावा, एवढी माझी मागणी आहे. त्याने पाणी अडवायचं नाही. एप्रिल-मे महिन्यांत नदीत पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवावं, बेटं काठाला जोडली जाणार असतील तर आधी कळवावं, म्हणजे राखणीला माणूस ठेवता येईल, इतकंच सांगायचं. यासाठी शेतकऱ्याचा एक थेंबही कमी होत नाही. दर जानेवारीत होणाऱ्या पाणपक्षी गणनेची पानं आणि त्या दिवसाचा साठा शेजारी शेजारी ठेवले तर बैठकीत दाखवायला पुरेसा पुरावा दोन-चार वर्षांत जमेल. दोन्ही नोंदी आजही ठेवल्या जातात, वेगवेगळ्या कचेऱ्यांत.

भिगवण पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर आहे, रेल्वेही थांबते. निघण्याआधी साठा बघा. शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर रोहितांची आशा धरू नका. पट्टकादंब, बदकं, खांबावर मासा घेऊन बसलेला कैकर यांच्यासाठी जा. पाणी बरंच खाली गेलं असेल तर पहाटे कुंभारगावला पोचा, आणि परतताना इंदापूरच्या कचेरीत जाऊन मान वर करा.